सीक्लीनरमधली नको ती भर आणि गुपचूप चालणारं नेट कसं बंद करायचं

बेळगावात टिळकवाडी असो की शहापूर, किंवा खानापूर, निपाणी, चिकोडीच्या स्टँडजवळचं एखादं ऑनलाइन सेंटर, तिथल्या कॉम्प्युटरवर सीक्लीनर हा सफाईचा प्रोग्राम बहुतेक असतोच. फॉरमॅट मारणाऱ्याने जाता जाता घालून दिलेला असतो आणि सांगितलेलं असतं, "सिस्टिम स्लो वाटली की हे चालवा." सांगणाऱ्याचं चुकत नाही, साचलेला कचरा सीक्लीनर काढतो. पण त्याच्यासोबत आत काय काय आलं आणि तो बंद दिसत असतानाही मागे काय चालू असतं, हे कुणी सांगत नाही.

आपल्या भागात हे कळून घेणं जास्त गरजेचं आहे. एकाच कॉम्प्युटरवर दिवसभरात कुणाचं आधार, कुणाचा जमिनीचा आरटीसी उतारा, कुणाचा उत्पन्नाचा दाखला, कुणाच्या मुलीच्या स्कॉलरशिपचा अर्ज उघडला जातो. लोक विश्वासाने कागद देतात. त्या कॉम्प्युटरवरून बाहेर काय जातं, हे दुकान चालवणाऱ्याला माहीत असायलाच हवं. दुसरी गोष्ट नेटची. जांबोटी, कणकुंबीकडे अजून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालतं. रोजचा ठरावीक डेटा, आणि त्यातच अँटिव्हायरस, ब्राउझर, अपडेट सगळे वाटा मागतात. ऐन अर्जाच्या शेवटच्या दिवशी नेट अडतं, ते पुष्कळदा यामुळे.

माझ्या दुकानातले कॉम्प्युटर मी खाली दिलेल्या क्रमाने मोकळे केले आणि आता ओळखीच्यांनाही तसेच करून देतो. माझं मत आधीच सांगतो : सीक्लीनरमधलं ठेवण्यासारखं काम एकच, टेम्पररी फायली आणि ब्राउझरची कॅश (साइट लवकर उघडाव्यात म्हणून साठवलेल्या फायली) काढणं. बाकी सगळं बंद केलं तरी तुमचं काहीही अडत नाही.

आधी थोडं मागचं

सीक्लीनर पिरिफॉर्म नावाच्या लंडनच्या कंपनीचा. जुलै २०१७ मध्ये ती कंपनी अँटिव्हायरस बनवणाऱ्या अवास्टने विकत घेतली. त्याच वर्षी सप्टेंबरात उघड झालं की सीक्लीनरच्या ५.३३ या आवृत्तीत हल्लेखोरांनी आधीच आपला कोड घुसवला होता. ऑगस्टच्या मध्यापासून जवळजवळ महिनाभर ती आवृत्ती कंपनीच्याच साइटवरून, कंपनीच्याच डिजिटल सहीने वाटली गेली. कंपनीच्या सांगण्यानुसार सुमारे २२.७ लाख कॉम्प्युटरांवर ती पोचली होती. म्हणजे वापरणाऱ्याने सगळं नीट केलं तरीही घात झाला. तेव्हापासून माझा नियम असा : जो प्रोग्राम दिवसभर चालू राहायची गरज नाही, तो चालू राहू द्यायचा नाही.

२०१८ मध्ये ५.४५ ही आवृत्ती आली. तिच्यात देखरेख आणि माहिती पाठवणं बंद करायची सोय वापरणाऱ्याच्या हातात राहिली नव्हती. जगभरातून ओरड झाली, कंपनीने ती आवृत्ती मागे घेतली आणि नंतर प्रायव्हसीचं वेगळं पान दिलं. आपण पुढे त्याच पानावर जाणार आहोत. २०२० मध्ये विंडोजसोबतच येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या डिफेंडर या अँटिव्हायरसने सीक्लीनरच्या फुकट इन्स्टॉलरवर 'नको असलेला प्रोग्राम' असा शिक्का मारला, आणि कारण दिलं की तो सोबत दुसरे प्रोग्राम घालायला बघतो. आज ही सगळी मंडळी, म्हणजे अवास्ट, एव्हीजी, नॉर्टन हे अँटिव्हायरस आणि सीक्लीनर, जेन डिजिटल या एकाच कंपनीच्या छत्राखाली आहेत. म्हणूनच एक घातला की दुसऱ्याची जाहिरात येते.

१. हाताशी काय हवं

बसण्याआधी एवढं जमवा :

- कॉम्प्युटरच्या ॲडमिनिस्ट्रेटर खात्याचा पासवर्ड. दुकान भाड्याने घेतलेलं असेल किंवा कॉम्प्युटर जुना घेतला असेल तर तो पुष्कळांना माहीतच नसतो. त्याशिवाय पुढचं काहीही होणार नाही.
- चालू बॅटरीचा यूपीएस. पावसाळ्यात खानापूरकडे करंट कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि अँटिव्हायरस निघताना मध्येच कॉम्प्युटर बंद पडला तर तो अर्धवट अडकून बसतो.
- एक पेनड्राइव्ह. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्समधल्या ग्राहकांच्या फायलींची नक्कल आधी त्यावर घ्या.
- वही. आपण काय बंद केलं, काय काढलं, ते तारखेसह लिहा. महिन्याने एखादा प्रिंटर चालला नाही तर याच वहीत बघायचं.
- ब्राउझरमध्ये साठवलेल्या लॉगिनांची यादी, म्हणजे सेवा सिंधू (कर्नाटक सरकारचं ऑनलाइन सेवांचं पोर्टल), बँक, ईमेल, वीजबिल वगैरे. पासवर्ड आठवत नसतील तर आज ही सफाई करू नका, आधी ते हाताशी आणा.

मग रिस्टोअर पॉइंट बनवा, म्हणजे काही बिघडलं तर विंडोज आजच्या स्थितीला परत नेता येतं. स्टार्टमध्ये 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' टाइप केलं की खिडकी उघडते. सी ड्राइव्हसमोर 'ऑफ' दिसत असेल तर 'कॉन्फिगर'मध्ये जाऊन आधी चालू करा, मग 'क्रिएट' दाबा. पुष्कळ कॉम्प्युटरांवर ही सोय बंदच असते आणि गरज पडते त्या दिवशी कळतं.

२. नेटवर कोण जातंय ते आधी बघा

काही बंद करण्याआधी आजची स्थिती बघून ठेवा, नाहीतर नंतर फरक पडला की नाही ते कळणार नाही.

स्टार्टमध्ये 'रिसोर्स मॉनिटर' टाइप करून उघडा आणि 'नेटवर्क'वर जा. वरच्या यादीत कुठला प्रोग्राम किती पाठवतोय, किती घेतोय ते दिसतं. खाली 'टीसीपी कनेक्शन्स'मध्ये तो कुठल्या पत्त्याशी जोडलेला आहे ते दिसतं. ब्राउझर, व्हॉट्सॲप सगळं बंद करून पाचेक मिनिटं नुसतं बघत बसा. सीक्लीनरच्या नावाने सुरू होणाऱ्या फायली, अवास्ट किंवा एव्हीजीच्या सर्व्हिस (खिडकी न दाखवता मागे चालणारे भाग), कधी न मागवलेला एखादा ब्राउझर, जे दिसेल ते वहीत लिहा.

महिन्याचा हिशेब बघायचा असेल तर सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट', तिथे 'डेटा यूसेज'. विंडोज ११ मध्ये ते 'ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज'च्या आत आहे. कुठल्या प्रोग्रामने मागच्या तीस दिवसांत किती डेटा खाल्ला ते तिथे सरळ लिहिलेलं असतं. हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांनी हे पान जरूर बघावं.

यादीत विंडोजचीही नावं असतील, 'एसव्हीसीहोस्ट' वगैरे. त्यांना हात लावायचा नाही.

३. सोबत आलेले प्रोग्राम काढा

सेटिंग्जमध्ये 'ॲप्स', मग 'इन्स्टॉल्ड ॲप्स' उघडा. विंडोज १० मध्ये त्याच पानाला 'ॲप्स अँड फीचर्स' म्हणतात. यादी तारखेप्रमाणे लावा. सीक्लीनर ज्या दिवशी आला त्याच दिवशी आणखी काय आलं, ते एकाखाली एक दिसेल. साधारणपणे एखादा फुकट अँटिव्हायरस, सीक्लीनरचाच वेगळा ब्राउझर किंवा न मागता आलेला क्रोम सापडतो. तुम्ही स्वतः मागवलेलं नसेल आणि वापरत नसाल तर काढा.

ब्राउझर काढण्याआधी त्यात कुणी काम करत होतं का ते दुकानातल्या पोराला विचारा. बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड त्याच्याबरोबर जातात.

अँटिव्हायरस काढायला जरा सावकाश. आधी बघा, त्याचे पैसे भरलेले आहेत का. भरले असतील आणि तुम्ही त्यावर समाधानी असाल तर राहू द्या. फुकटचा असेल आणि विंडोजच्या डिफेंडरवर भागत असेल तर काढायला हरकत नाही, कारण दुसरा अँटिव्हायरस निघाला की डिफेंडर आपोआप पुढे येतो. नेहमीच्या पद्धतीने निघाला नाही तर अवास्ट आणि एव्हीजी या दोघांचंही स्वतःचं काढून टाकायचं साधन त्यांच्या साइटवर मिळतं. ते सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज फक्त गरजेपुरत्या गोष्टींसह सुरू करून, चालवायचं असतं. काढल्यावर 'विंडोज सिक्युरिटी' उघडून हिरवी खूण दिसते का ते बघा. ती दिसेपर्यंत ग्राहकाचा पेनड्राइव्ह लावू नका.

अवास्टचा एक मुद्दा सांगायलाच हवा. लोकांची ब्राउझिंगची माहिती गोळा करून जम्पशॉट या आपल्या उपकंपनीमार्फत विकल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये या कंपनीला १.६५ कोटी डॉलर भरायला लावले. जम्पशॉट २०२० मध्येच बंद झाली होती. ते प्रकरण अँटिव्हायरस आणि ब्राउझर एक्स्टेन्शनचं (ब्राउझरला जोडलेल्या छोट्या जादा प्रोग्रामचं) होतं, सीक्लीनरचं नव्हे. तरीही दुसऱ्यांचे कागद हाताळणाऱ्या दुकानात न मागवलेलं एक्स्टेन्शन ठेवू नये, असं मी त्यावरून ठरवलं. क्रोम किंवा एजमध्ये 'एक्स्टेन्शन्स' उघडून अनोळखी असेल ते तिथूनही काढा.

इथे हात आवरायचा. यादीत अशी नावं असतात जी ओळखीची वाटत नाहीत पण ज्यांच्यावर दुकान चालतं :

- अंगठा घेणाऱ्या यंत्राची 'आरडी सर्व्हिस'. ही गेली की यंत्राचा दिवा लागेल, पण आधारची केवायसी होणार नाही.
- डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, म्हणजे ते यंत्र विंडोजशी जोडणारा प्रोग्राम.
- 'व्हिज्युअल सी प्लस प्लस रिडिस्ट्रिब्युटेबल' नावाच्या बऱ्याच ओळी. एकसारख्या दिसल्या तरी त्या जादा नाहीत, वेगवेगळ्या प्रोग्रामांना लागतात.
- नुडी. कन्नड टायपिंग त्यावर चालतं आणि कर्नाटकात सरकारी कामासाठी तेच रूढ आहे. मराठी टायपिंगचं श्रीलिपी किंवा तुम्ही वापरत असाल ते, आणि त्याच्या डाँगलचा ड्रायव्हरही.
- प्रिंटर आणि स्कॅनरचे प्रोग्राम.

शंका आली तर काढू नका. नाव वहीत लिहा, चौकशी करा, मग ठरवा.

४. सीक्लीनरच्या आतल्या टिकच्या खुणा काढा

आता सीक्लीनर उघडा आणि 'ऑप्शन्स'वर जा. आवृत्तीप्रमाणे नावं आणि जागा थोड्या इकडेतिकडे होतात, पण या गोष्टी शोधायच्याच.

'प्रायव्हसी'मध्ये वापराची माहिती कंपनीला पाठवण्याची खूण असते आणि दुसऱ्या उत्पादनांच्या ऑफर दाखवण्याची असते. दोन्ही काढा. एखादी खूण राखाडी दिसत असेल आणि निघत नसेल तर तिच्याशी झगडत बसू नका. सहाव्या पायरीत तिचा रस्ताच बंद होतो.

'स्मार्ट क्लीनिंग'मध्ये कचरा साचला की सांगण्याची आणि ब्राउझर बंद केला की साफ करण्याची सोय असते. याच्यासाठीच सीक्लीनर घड्याळाच्या शेजारी सतत बसून असतो. सगळ्या खुणा काढा, स्मार्ट क्लीनिंग चालू ठेवण्याची खूणही. काढताना तो "खरंच बंद करायचं का" असं विचारतो, होय म्हणा. या एका बदलाने पुष्कळ फरक पडतो.

'नोटिफिकेशन्स' असेल तर तिथलं सगळं बंद. 'अपडेट्स'मध्ये आपोआप अपडेटची खूण काढायची की ठेवायची, हा विचाराचा प्रश्न आहे. मी काढतो, पण त्याबरोबर एक जबाबदारी येते : महिन्यातून एकदा स्वतः साइटवर जाऊन नवी आवृत्ती आहे का ते बघायचं. तेवढं जमणार नसेल तर ही खूण राहू द्या आणि सहावी पायरी सोडून द्या. वर्षानुवर्षं जुनी आवृत्ती चालवणं हे थोडा डेटा जाण्यापेक्षा वाईट.

शेवटी 'सेटिंग्ज'मध्ये कॉम्प्युटर सुरू होताना आपोआप सफाई करण्याची खूण असते, तीही काढा. 'परफॉर्मन्स ऑप्टिमायझर' आणि 'ड्रायव्हर अपडेटर' यांना चालवूच नका. पहिला मागच्या प्रोग्रामांना झोपवतो आणि त्यात आरडी सर्व्हिससारखी कामाची वस्तू झोपली तर तुम्ही दोष यंत्राला देत बसाल. दुसरा चालणारे ड्रायव्हर बदलतो. चालणाऱ्या प्रिंटरचा ड्रायव्हर बदलायचं काहीच कारण नसतं.

५. टास्क, स्टार्टअप आणि सर्व्हिस

आतल्या खुणा काढल्या म्हणजे झालं असं लोकांना वाटतं. विंडोजच्या वेळापत्रकात लिहून ठेवलेली कामं मात्र तशीच राहू शकतात.

स्टार्टमध्ये 'टास्क शेड्युलर' टाइप करा. डावीकडे 'टास्क शेड्युलर लायब्ररी'वर टिचकी मारली की मधल्या भागात यादी येते. सीक्लीनरच्या नावाने सुरू होणाऱ्या ओळी शोधा. एक अपडेटची असते, एक क्रॅश रिपोर्टिंगची, एक 'स्किप यूएसी' नावाची. शेवटची ओळ नेट वापरत नाही, सीक्लीनर उघडताना परवानगीची खिडकी येऊ नये एवढंच तिचं काम. पण मला ती खिडकी आलेलीच बरी वाटते. दुकानात दुसरं कुणी बसलेलं असताना कुठलाही प्रोग्राम न विचारता पूर्ण अधिकाराने उघडू नये.

ओळीवर उजवी टिचकी मारून 'डिसेबल' करा, 'डिलीट' नको. डिसेबल केलेलं परत चालू करता येतं, आणि काहींमध्ये डिलीट केलं की प्रोग्राम पुढच्या वेळी उघडल्यावर तीच ओळ पुन्हा बनवतो. अपडेट स्वतः बघायचं ठरवलं असेल तरच अपडेटची ओळ डिसेबल करा.

मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. 'स्टार्टअप'मध्ये सीक्लीनर दिसला तर 'डिसेबल'.

तिसरी जागा 'सर्व्हिसेस', तीही स्टार्टमध्ये टाइप केली की उघडते. तिथे सीक्लीनर परफॉर्मन्स ऑप्टिमायझरची सर्व्हिस असेल तर तिच्यावर दोनदा टिचकी मारा आणि 'स्टार्टअप टाइप' 'डिसेबल्ड' करा. या यादीत पुष्कळ नावं असतात. सीक्लीनरच्या नावाची सोडून बाकी कशालाही हात लावू नका. "कॉम्प्युटर फास्ट करण्यासाठी या वीस सर्व्हिस बंद करा" असे व्हिडिओ बघून प्रिंट स्पूलर बंद करणारे लोक आहेत. त्यानंतर प्रिंटच निघत नाही आणि मेकॅनिकला बोलवावं लागतं.

कॉम्प्युटर रीस्टार्ट करा आणि दुसऱ्या पायरीतलं रिसोर्स मॉनिटर परत बघा. पुष्कळांचं काम इथेच संपतं.

६. फायरवॉलमध्ये (नेटवर कोण जाऊ शकतं ते ठरवणाऱ्या विंडोजच्या पहारेकऱ्यात) रस्ता बंद करा

रीस्टार्टनंतरही सीक्लीनर नेटवर जाताना दिसला, किंवा प्रायव्हसीची खूण निघाली नव्हती, तर ही पायरी. टेम्पररी फायली काढायला नेट लागत नाही, त्यामुळे रस्ता बंद केला तरी सफाई चालू राहते.

१) स्टार्टमध्ये 'विंडोज डिफेंडर फायरवॉल विथ ॲडव्हान्स्ड सिक्युरिटी' शोधून उघडा. नाव लांब आहे, 'फायरवॉल' एवढं टाइप केलं तरी यादीत येतं.

२) डावीकडे 'आउटबाउंड रूल्स' निवडा. 'इनबाउंड' निवडून नियम करणारे पुष्कळ असतात. त्याने बाहेर जाणारं काहीच थांबत नाही.

३) उजवीकडे 'न्यू रूल', मग 'प्रोग्राम'. 'ब्राउझ' करून सी ड्राइव्ह, 'प्रोग्राम फाइल्स', 'सीक्लीनर' असं आत जा आणि सीक्लीनर ६४ नावाची फाइल निवडा.

४) 'ब्लॉक द कनेक्शन' निवडा.

५) डोमेन, प्रायव्हेट, पब्लिक या तिन्ही खुणा राहू द्या. मोबाइलचा हॉटस्पॉट विंडोज बहुतेक वेळा 'पब्लिक' धरतं. ती खूण काढली तर ज्या नेटवर डेटा वाचवायचा आहे नेमकं तिथेच नियम लागू होणार नाही.

६) नियमाला ओळखू येईल असं नाव द्या, म्हणजे पुढे अपडेट करायच्या दिवशी तो शोधून थोडा वेळ बंद करता येईल.

त्याच फोल्डरमध्ये ६४ नसलेली साधी सीक्लीनर फाइल आणि 'सीसीअपडेट' असेल तर त्यांच्यासाठीही असाच एकेक नियम करा.

दुसरा अँटिव्हायरस स्वतःची फायरवॉल घेऊन आलेला असेल तर विंडोजची फायरवॉल बाजूला पडलेली असू शकते, आणि मग तुमचे नियम नुसते लिहिलेले राहतात. 'विंडोज सिक्युरिटी'त 'फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन'मध्ये कोणाची फायरवॉल चालू आहे ते बघून घ्या.

विंडोजच्या 'होस्ट्स' फाइलमध्ये, जिथे लिहून साइटचे पत्ते अडवता येतात, पत्त्यांची लांबलचक यादी चिकटवायचा सल्लाही मिळेल. ती वाट मी कुणाला सांगत नाही. कुणी बनवली ते माहीत नसलेल्या यादीत एखादा कामाचा पत्ता अडकला तर साइट का उघडत नाही हे शोधण्यात दिवस जातो, आणि अशा वेळी होस्ट्स फाइलकडे कुणाचं लक्षही जात नाही.

हॉटस्पॉटवाल्यांसाठी आणखी एक : वायफायच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. विंडोज स्वतःची मोठी डाउनलोड्स रोखून धरतं. बाहेरच्या प्रोग्रामांवर मात्र त्याची सक्ती नसते, म्हणून हे फायरवॉलच्या ऐवजी नाही, तिच्या जोडीला.

७. आता साफ काय करायचं आणि काय नाही

उरलेला सीक्लीनर आठवड्यातून एकदा हाताने उघडायचा. 'हेल्थ चेक' सगळं स्वतःच ठरवतो, म्हणून तो न वापरता 'कस्टम क्लीन'वर जा. टेम्पररी फायली आणि ब्राउझरची कॅश यांच्या खुणा ठेवा. बाकी एकेक वाचून काढा.

कुकीज काढल्या की उघडी असलेली सगळी लॉगिनं जातात आणि परत ओटीपीची रांग सुरू होते. ठेवायच्या साइट 'ऑप्शन्स'मधल्या 'कुकीज'मध्ये वेगळ्या निवडता येतात. 'सेव्ह्ड पासवर्ड्स'ची खूण चुकूनही लावू नका. तसे ग्राहकांच्या खात्यांचे पासवर्ड दुकानाच्या ब्राउझरमध्ये साठवूच नयेत, पण तुमचे स्वतःचे असतील. 'वाइप फ्री स्पेस'ला तासन्तास लागतात आणि रोजच्या कामात त्याचा उपयोग नाही.

रिसायकल बिनची खूण आधीपासून लागलेली असते. डीटीपीच्या दुकानात हा मोठा धोका. मागच्या सीझनची लग्नपत्रिका बिनमध्ये टाकलेली असते, गिऱ्हाईक धाकट्याच्या लग्नाला परत येतं आणि तिथूनच ती फाइल काढली जाते. तुमची अशी सवय असेल तर ही खूण काढा, आणि जुन्या कामांसाठी वर्षवार फोल्डर करून पेनड्राइव्हवर किंवा वेगळ्या डिस्कवर ठेवा.

सीक्लीनरमधल्या रजिस्ट्री या भागाबद्दल मी हट्टाने बोलतो : उघडू नका. रजिस्ट्री म्हणजे विंडोज आणि प्रोग्रामांच्या सेटिंग्जची नोंदवही. विंडोजच्या रजिस्ट्रीत राहिलेल्या जुन्या नोंदींनी कॉम्प्युटर जाणवेल इतका मंद होत नाही. अशी रजिस्ट्री साफ करणारी साधनं वापरायला मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं आहे. सीक्लीनरच्या रजिस्ट्री यादीत 'फॉन्ट्स' अशी वेगळी ओळ आहे, आणि आपल्या भागातल्या छपाईच्या कामाला जास्तीत जास्त इजा इथूनच होऊ शकते. एका पत्रिकेवर वर मराठी, खाली कन्नड, मध्ये इंग्रजी, असं काम आपल्याकडे रोजचं. त्यासाठी जुन्या पद्धतीचे कितीतरी फॉन्ट घातलेले असतात, काही नेहमीच्या फोल्डरबाहेर, काही दुसऱ्या ड्राइव्हवर. त्या दिवशी तो ड्राइव्ह जोडलेला नसेल तर नोंद निकामी ठरते आणि सफाईत जाते. मग कोरल या डिझाइनच्या प्रोग्राममध्ये जुनी फाइल उघडली की मजकुराच्या जागी वेडीवाकडी अक्षरं येतात. कुणी आधीच ही सफाई केलेली असेल तर 'डॉक्युमेंट्स'मध्ये सीक्लीनरने घेतलेली बॅकअप फाइल आहे का ते शोधा. सफाईआधी तो ती विचारून घेतो. त्या फाइलवर दोनदा टिचकी मारली की नोंदी परत येतात.

८. नवीन घालायचा असेल तर

कंपनीच्याच साइटवरून घ्या. तिथे पोर्टेबल आवृत्तीही असते. झिप फाइल, इन्स्टॉलर नाही, त्यामुळे सोबत दुसरे प्रोग्राम येण्याचा प्रश्न उरत नाही. एका फोल्डरमध्ये उघडून ठेवायची आणि लागेल तेव्हा चालवायची. दुकानासाठी मी हीच सुचवतो. चौथ्या पायरीतल्या खुणा तिच्यातही काढाव्या लागतात.

साधा इन्स्टॉलरच वापरणार असाल तर प्रत्येक पान वाचा. दुसऱ्या प्रोग्रामची ऑफर आली की 'डिक्लाइन' करा किंवा खूण काढा. मोठं ठळक बटण बहुतेक 'होय'चं असतं. त्याआधी 'विंडोज सिक्युरिटी'त 'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल', तिथे 'रेप्युटेशन बेस्ड प्रोटेक्शन'मध्ये नको असलेले प्रोग्राम अडवण्याचं बटण चालू करून ठेवा. ते फक्त सीक्लीनरसाठी नाही, फुकटच्या पीडीएफ कन्व्हर्टरपासून सगळ्यांनाच लागू होतं.

आणि क्रॅक केलेला 'प्रो' घेऊ नका, कुणी कितीही ओळखीच्याने पेनड्राइव्हवर दिला तरी. २०२२ मध्ये अवास्टच्याच संशोधकांनी दाखवून दिलं की 'सीक्लीनर प्रो क्रॅक' शोधणाऱ्यांना सर्चच्या निकालांतून पासवर्ड आणि कार्डाची माहिती चोरणारा व्हायरस दिला जात होता. ज्या कॉम्प्युटरवर गावातल्या लोकांचे आधार नंबर टाइप होतात, तिथे असली फाइल येणं म्हणजे सगळ्यांचाच घात.

९. पूर्ण काढायचा असेल तर

सीक्लीनर काढून टाकला तरी चालतं, विंडोजमध्ये सफाईची स्वतःची सोय आहे. सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम', 'स्टोरेज', तिथे 'स्टोरेज सेन्स' आणि 'टेम्पररी फाइल्स'. दुकानदारांनी एकच गोष्ट सांभाळायची, ती म्हणजे 'डाउनलोड्स'. टेम्पररी फाइल्सच्या यादीत त्याची खूण लावू नका, आणि स्टोरेज सेन्समध्ये डाउनलोड्सचं 'नेव्हर'वर ठेवा. आपल्याकडे ग्राहकांच्या पावत्या, दाखले, उतारे सगळे त्याच फोल्डरमध्ये उतरतात आणि "भरल्याची पावती द्या की" म्हणत ते दोन महिन्यांनी परत येतात.

काढताना आधी सीक्लीनर पूर्ण बंद करा, घड्याळाशेजारच्या चित्रावर उजवी टिचकी मारून तिथूनही. 'इन्स्टॉल्ड ॲप्स'मधून अनइन्स्टॉल करा. शेवटी "का काढताय" म्हणून वेबपान उघडलं तर बंद करा. रीस्टार्ट करून तीन ठिकाणी बघा : 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये सीक्लीनरचं फोल्डर राहिलंय का, टास्क शेड्युलरमध्ये त्याच्या नावाची ओळ उरली आहे का, फायरवॉलमध्ये तुम्ही केलेले नियम आहेत का. उरलं असेल ते आता डिलीट करायला हरकत नाही. त्यानंतर नुडी आणि मराठी टायपिंग दोन्ही उघडून एकेक ओळ टाइप करून बघा, प्रिंट काढा, अंगठ्याचं यंत्र आणि सहीचं टोकन लावून बघा. सगळं चालत असेल तर आजच्या तारखेने नवा रिस्टोअर पॉइंट बनवा आणि वहीत तशी नोंद करा.